वावरात सापडलेला जुना गोळा, तुकडा, पुंगळी ओळखताना या चुका टाळा

मे महिन्यात नांगरटी सुरू झाली की माझ्या व्हॉट्सॲपवर फोटो यायला लागतात, कोणाच्या वावरात गोल लोखंड निघालं, कोणाला नाल्यात पितळेचं काहीतरी गवसलं, आणि खाली एकच प्रश्न, "भाऊ, हे काय हाय, पाहून सांगजो न." मला जुन्या शस्त्रांचा लहानपणापासून नाद आहे म्हणून लोकं विचारतात, मलाही सांगायला आवडतं, पण फोटो उघडला की पोटात गोळाच येतो कारण ती वस्तू जिवंत दारूगोळा असू शकते आणि कोणीतरी ती हातात धरलेली असते. हीच सगळ्यात मोठी चूक. आधी उचलायचं, मातीला झटकायचं, सबलीनं ठोकून पाहायचं आणि मग विचारायचं. अरे बाबांनो, जिथं दिसली तिथंच राहू द्या, मागं सरका, दुरून झूम करून फोटो काढा, नांगराच्या तासात पडलेली असेल तर तासाच्या रुंदीवरून मापाचा अंदाज मला बरोबर येतो.

आपल्याकडं हे सापडतं त्याला कारणंही आहेत. पुलगावचा दारूगोळा डेपो, भंडारा, चांदा आणि अंबाझरीच्या ऑर्डनन्स फॅक्टऱ्या, कामठीची छावणी, सगळं विदर्भातच. त्याच्याही आधी इंग्रज-मराठा युद्धांत 29 नोव्हेंबर 1803 ला अडगावची लढाई, 15 डिसेंबरला गाविलगड पडला, 1817 ला सीताबर्डी. आणि 20 नोव्हेंबर 2018 ला पुलगावजवळ जुना दारूगोळा निकामी करायच्या मैदानावर स्फोट झाला, 6 जण गेले, त्यात आजूबाजूच्या गावातले रोजीवर गेलेले मजूर होते. त्यामुळं मी हे गमतीनं लिहीत नाही.

दुसरी चूक, "गंजलं म्हणजे मेलं." नाही. उलट आहे. जुन्या तोफगोळ्यातली काळी दारू कोरडी राहिली तर शंभर-दीडशे वर्षांनीही पेटते, अमेरिकेत 2008 साली व्हर्जिनियात एक जाणकार माणूस तिथल्या यादवी युद्धातला, म्हणजे जवळपास दीडशे वर्षं जुना गोळा साफ करताना गेला. आणि फ्यूज, म्हणजे गोळ्याच्या तोंडाचा पितळी भाग, त्यात लेड अझाईड हे स्फोटक असू शकतं, ओल लागली की त्याचा तांब्या-पितळेशी संयोग होऊन कॉपर अझाईड तयार होऊ शकतं आणि ते इतकं नाजूक असतं की नुसत्या घासण्यानं उडू शकतं. म्हणून पितळेवर हिरवा थर दिसला की चिंच-मीठ लावून घासायला बसू नका, मी एका घरी फ्यूज देवघरात ठेवलेला पाहिलाय आणि दर सणाला पितांबरीनं चमकवायचे.

आता खरी ओळख कशी करायची ते सांगतो. कोणत्या सैन्याचं, कोणत्या सालचं हे नंतर. पहिला प्रश्न एकच, हा फुटलेला तुकडा आहे का अख्खी वस्तू? फुटलेल्या तुकड्याच्या कडा फाटलेल्या, धारदार, वेड्यावाकड्या असतात आणि एक बाजू बाहेरून फुगीर तर दुसरी आतून खोलगट. शेपटीला पंखे असलेलं, दोन्हीकडून बंद असलेलं किंवा अननसासारखे चौकोन पाडलेलं काही दिसलं तर ते अख्खं समजा, पुढं ओळखायच्या भानगडीतच पडू नका. शेपटीचे पंखे बहुतेक मॉर्टारचे, म्हणजे उखळी तोफेच्या गोळ्याचे, चौकोन जुन्या ग्रेनेडचे.

तुकडाच आहे हे दिसलं तरी हात न लावता आतली बाजू बघा. मागच्या वर्षी शेजारच्या गावातल्या एका पोरानं तळहाताएवढ्या तुकड्याचा फोटो पाठवला, म्हणे आतून जंग लागला, गरम पाण्यात टाकून काढतो. मी फोटो मोठा केला, तर तो जंग नव्हताच, गुळाच्या खड्यासारखा पिवळट-तपकिरी थर होता. गोळा कधीकधी पूर्ण फुटत नाही, अर्धवट फाटतो आणि टीएनटी हे स्फोटक आत तसंच चिकटून राहतं, ते साधारण 80 डिग्रीला वितळतं, उन्हात काळपटतं, म्हणून लोकांना राळ वाटते, डिंक वाटतो. त्याला म्हटलं जिथं आहे तिथंच ठेव, घरच्यांना बाहेर काढ आणि 112 लाव. बॉम्बशोधक पथकानं येऊन नेला.

त्याच तुकड्यावर तांब्याची पट्टी होती आणि तिच्यावरून पुष्कळ कळलं. तोफेच्या गोळ्याला बुडाजवळ तांब्याचं कडं असतं, गोळा नळीतून सुटला की नळीतले आटे त्या कड्यावर तिरपे उमटतात. ह्याचं कडं सपाट, गुळगुळीत होतं, म्हणजे गोळा कधी तोफेतून सुटलाच नव्हता, निकामी करतानाच फुटला असणार. उलट, अख्खा गोळा असेल आणि कड्यावर तिरप्या रेघा असतील तर तो डागला गेला पण फुटला नाही, हा सगळ्यात वाईट प्रकार, त्याचा फ्यूज आधीच जागा झालेला असू शकतो.

तुकड्याच्या जाडीवरून कॅलिबर, म्हणजे गोळ्याचा व्यास, सांगणारेही चुकतात, बाक मोजावा लागतो. पथकानं साफ ठरवलेला तुकडा असेल तरच कागदावर बाहेरच्या बाकाची रेघ ओढा, दोन टोकं सरळ जोडा. समजा ती जोडरेघ 6 सेंटीमीटर आणि मधोमध उंची 1 सेंटीमीटर आली, तर 6 चा वर्ग भागिले उंचीची 8 पट (इथं 8), अधिक उंचीचा अर्धा, म्हणजे त्रिज्या 5, गोळा अंदाजे 10 सेंटीमीटरचा, 105 मिलीमीटरच्या तोफेच्या जवळपास.

गोल लोखंड दिसलं की लोकं थेट गाविलगडात पोचतात. चंद्रपूरकडं सिमेंटचे कारखाने आहेत, त्यांच्या दळायच्या मिलमधले पोलादी गोळे हुबेहूब तोफगोळ्यासारखे दिसतात. जुन्या ओतीव गोळ्यावर बहुतेक साच्याची रेघ दिसते, 6 पौंडी गोळा साधारण 9 सेंटीमीटरचा. पण भोक किंवा बुच दिसलं तर तो पोकळ, आत दारू असू शकते, वजन करायला उचलू नका.

रंगावरून "निळा हाय, प्रॅक्टिसचा हाय" म्हणून सोडून देऊ नका, प्रॅक्टिसच्या गोळ्यातही धूर करायला थोडा बार असू शकतो. मेणासारखा पांढरा-पिवळा गोळा ओल्या चिखलात दिसला तर फॉस्फरस असू शकतो, वाळला आणि 30 डिग्रीच्या वर गेला की आपोआप पेटतो, आपल्या उन्हाळ्यात काय होईल विचार करा.

काडतुसाच्या रिकाम्या पुंगळ्या सोप्या आहेत. बुडाला कडा बाहेर आलेली असेल आणि लांबी 56 मिलीमीटर असेल तर बहुतेक .303 रायफलची, केएफ लिहिलेलं म्हणजे खडकीची फॅक्टरी, शेजारचे दोन आकडे साल. बुडाच्या टिकलीवर खड्डा नसेल किंवा पुढं गोळी बसलेली असेल तर ती जिवंत काडतूस आहे, विनालायसन घरी ठेवणं गुन्हा.

गडचिरोलीकडं कुकर, डबा, वायर दिसली तर मागं फिरा, तो नक्षल्यांनी पेरलेला बॉम्ब असू शकतो. आणि धुऱ्यावर सुतळीत गुंडाळलेला लाडू दिसला तर तो डुकरासाठी ठेवलेला गावठी बॉम्ब असतो, ढोरांचे जबडे फाटतात त्यानं.

पोलिसांची भीती वाटून लोकं वस्तू विहिरीत टाकतात नाहीतर भंगारवाल्याला देतात, आणि तो गॅस कटर लावतो. असं करू नका. पोलीस पाटलाला सांगा, बॉम्बशोधक पथक येतं. ते येईपर्यंत दुरूनच लाल फडकं बांधा, ढोरं आणि पोरं तिकडं जाऊ देऊ नका, ट्रॅक्टर बंद. फोटोसोबत गट नंबर, किती खोलीवर निघालं आणि माती खालची होती का भराव टाकलेला एवढं लिहून ठेवा, कारण मुरुमाच्या भरावातून कुठलीही वस्तू कुठंही जाते आणि मग अडगावच्या लढाईचा गोळा वर्ध्यात कसा आला यावर आपण उगाच डोकं खाजवत बसतो.