पडता बाजार आणि रॅपचं तिकीट: पगारदार मुंबईकरांनो, या चुका टाळा

२०२५चा नोव्हेंबर मुंबईतल्या रॅपवेड्यांसाठी भलताच धामधुमीचा गेला. १९ तारखेला महालक्ष्मी रेसकोर्सवर अमेरिकी रॅपर ट्रॅव्हिस स्कॉट, लगेच २२ आणि २३ला खारघरमध्ये रोलिंग लाउड हा रॅप महोत्सव. आणि २७ला शेअर बाजाराचा निर्देशांक निफ्टीने २६,२७७चा जुना उच्चांक ओलांडला. तो जुना उच्चांक होता सप्टेंबर २०२४चा. मधल्या चौदा महिन्यांत निफ्टी ७ एप्रिल २०२५ला २१,७४३पर्यंत, म्हणजे साधारण १७ टक्के खाली जाऊन आला होता. स्मॉलकॅपवाल्यांचे, म्हणजे छोट्या कंपन्यांचे शेअर घेतलेल्यांचे, हाल तर विचारूच नका.

ज्यांनी २०२० नंतर डिमॅट खातं उघडलं, त्यांच्यासाठी इतकी लांबलेली पडझड पहिलीच. यांच्याच फोनमध्ये डिव्हाइन, नेझी आणि स्वदेसी या मुंबईच्या रॅपवाल्यांची गाणी असतात. पगार एकच, त्यातूनच ५ तारखेची एसआयपी, म्हणजे म्युच्युअल फंडाचा दरमहाचा हप्ता, जाते आणि त्यातूनच तिकीटही काढायचं असतं. बाजार पडला की लोक दोन्हीकडे चुकतात, आणि बऱ्याचदा एकीकडचा राग दुसरीकडे काढतात.

पोर्टफोलिओ लाल दिसला म्हणून बेत रद्द

ॲपवर उणे साठ हजार दिसतात आणि माणूस म्हणतो, "यंदा नको, परवडत नाही." पण पगार तेवढाच आलाय, भाडं तेवढंच आहे. ज्या पैशाला पुढची दहा वर्षं हात लावायचा नाही, त्याच्या आजच्या आकड्याचा शनिवारच्या खर्चाशी काय संबंध? याची उलटी बाजू जास्त महागात पडते. तेजीत ॲप हिरवं दिसतं, न विकलेल्या शेअरांच्या फायद्यावर माणूस स्वतःला श्रीमंत समजतो आणि साध्या तिकिटाऐवजी स्टेजलगतचं महाग तिकीट घेतो.

बेत खरोखर रद्द करायची कारणं वेगळी आहेत. कंपनीत नोकरकपातीची कुजबुज आहे, सहा महिन्यांचा घरखर्च बँकेत किंवा लिक्विड फंडात बाजूला नाही, किंवा कार्डाची जुनी थकबाकी आहे. यातलं एक जरी असेल, तर सेन्सेक्स शिखरावर असला तरी तिकीट घेऊ नका.

तिकिटासाठी युनिट विकणं, नाहीतर कार्ड घासणं

पडत्या बाजारात इक्विटी फंडाची युनिट विकली की कागदावरचा तोटा पक्का होतो. शिवाय बऱ्याच फंडांत वर्षाच्या आत बाहेर पडलं तर एक टक्का एक्झिट लोड, म्हणजे बाहेर पडण्याचं शुल्क, जातो. नफ्यात असाल आणि वर्ष झालं नसेल, तर नफ्यावर २० टक्के कर.

तरीही मी म्हणेन, कार्डापेक्षा हे बरं. क्रेडिट कार्डाची थकबाकी पुढे ढकलली की व्याज महिन्याला तीन-साडेतीन टक्के, म्हणजे वर्षाला चाळीस टक्क्यांच्या आसपास. एवढा परतावा देणारा फंड दाखवा, मी पुढच्या शोला तुमचं तिकीट काढतो. "नो कॉस्ट ईएमआय"मध्येही प्रोसेसिंग फी आणि जीएसटी असतोच.

उपाय अगदी कंटाळवाणा आहे. मुंबईत पावसाळ्यात मैदानी कार्यक्रम होत नाहीत, मोठा हंगाम साधारण नोव्हेंबर ते मार्च. मग एप्रिलपासून दरमहा १,५०० रुपयांचं आवर्ती खातं उघडा. आठ महिन्यांत १२,००० आणि वर थोडं व्याज. यात तिकीट, त्यावरचं सुविधा शुल्क, जीएसटी, आतलं खाणं आणि रात्रीची टॅक्सी हे सगळं बसलं पाहिजे. बसत नसेल तर मोठा शो सोडा आणि खार किंवा लोअर परळच्या एखाद्या क्लबमधल्या छोट्या गिगला जा. रॅपर तिथे हाताच्या अंतरावर असतो, आणि माझ्या मते रॅप ऐकायची खरी जागा तीच.

एसआयपी "थोडे दिवस" थांबवणं

२०२५च्या पहिल्या तीन महिन्यांत नव्या एसआयपींपेक्षा बंद झालेल्या किंवा मुदत संपलेल्या एसआयपी जास्त होत्या. आणि एप्रिलमध्ये बाजाराने तळ गाठला. थांबवणाऱ्यांचं म्हणणं ठरलेलं असतं: सावरला की परत सुरू करू. पण सावरला हे कळतं तेव्हा भाव वर गेलेला असतो. ५,००० रुपयांत ५० रुपये एनएव्हीला, म्हणजे एका युनिटच्या भावाला, १०० युनिट मिळतात, ४० रुपयांना १२५. जास्त युनिट मिळण्याचे महिने आले की नेमका हप्ता बंद!

२३ मार्च २०२० आठवा. सेन्सेक्स एका दिवसात ३,९३५ अंशांनी, म्हणजे १३ टक्क्यांनी कोसळला. सकाळीच दहा टक्क्यांचं सर्किट लागून ४५ मिनिटं व्यवहार बंद ठेवावे लागले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये निफ्टी जानेवारीच्या उच्चांकाच्या वर होता. मात्र दर वेळी इतक्या लवकर सुटका होते असं धरून चालू नका. जानेवारी २००८मध्ये २१,०००च्या वर गेलेला सेन्सेक्स त्याच ऑक्टोबरात ८,०००च्या खाली आला आणि पुन्हा २१,०००ला टेकायला २०१०ची दिवाळी उजाडली. म्हणून तीन-चार वर्षांत लागणारा पैसा, मग तो लग्नाचा असो की घराच्या डाऊन पेमेंटचा, इक्विटीत नकोच.

हप्ता भरणं खरंच जड जातंय? मग तो बाउन्स होऊ देऊ नका. बँक दंड कापते आणि लागोपाठ हप्ते चुकले की एसआयपी आपोआप रद्द होते. बऱ्याच फंड कंपन्या एक ते तीन महिने थांबण्याची सोय देतात, ती वापरा किंवा रक्कम निम्मी करा.

पडतोय ना, मग घेत राहा

वरचं सगळं वाचून कोणी पडत्या भावात तोच शेअर आणखी घेऊन दणादण सरासरी काढायला निघेल, म्हणून इथे जरा थांबतो. निर्देशांक पडणं आणि एखादी कंपनी बसणं यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. बांगडा स्वस्त झाला म्हणून कोणी कल्ले न बघता घेत नाही. गृहकर्ज देणाऱ्या डीएचएफएल कंपनीचा शेअर पडत असताना "इथून अजून किती पडणार" म्हणून घेणारे होते. दिवाळखोरीच्या प्रक्रियेत कंपनीची विक्री झाली आणि २०२१मध्ये शेअर बाजारातून काढून टाकताना भागधारकांच्या हाती शून्य आलं. निर्देशांकाचं तसं होत नाही, कारण त्यात कंपन्या बदलत राहतात, बुडणारी बहुधा आधीच बाहेर जाते. तेव्हा एकेका शेअरची सरासरी काढण्याआधी कंपनीचं कर्ज आणि प्रवर्तकांनी गहाण ठेवलेले शेअर एकदा बघा. ते बघायचा कंटाळा असेल तर इंडेक्स फंडावर थांबा.

गणितही लक्षात ठेवा. २० टक्के पडलेल्याला मूळ जागी यायला २५ टक्के चढावं लागतं, आणि ५० टक्के पडलेल्याला दुप्पट व्हावं लागतं.

सगळ्यात वाईट म्हणजे वसुलीचा नाद. पोर्टफोलिओत गेलेलं ऑप्शनमध्ये, म्हणजे भाव कुठे जाईल यावरच्या मुदतीच्या सौद्यांत, काढू म्हणून मुदत संपण्याच्या (एक्स्पायरीच्या) दिवशी लॉट घेणारे ऑफिसात दर दुसऱ्या टेबलावर सापडतील. शेअर बाजाराची नियामक संस्था सेबीने सप्टेंबर २०२४मध्ये अभ्यास जाहीर केला. २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन करणाऱ्या वैयक्तिक ट्रेडरपैकी ९३ टक्के तोट्यात होते, आणि एकूण तोटा होता १.८ लाख कोटींहून जास्त. यावर मला अजून काही म्हणायचं नाही.

एक गोष्ट मात्र पडत्या बाजारात करण्यासारखी आहे. नकोसे झालेले शेअर वर्षाच्या आत तोट्यात विकले, तर तो तोटा शेअरांच्या अल्पकालीन आणि दीर्घकालीन अशा दोन्ही नफ्यांतून वजा करता येतो. उरलेला आठ वर्षं पुढे नेता येतो, पण विवरणपत्र मुदतीत भरलेलं हवं.

मैदानात उभं राहून गिफ्ट निफ्टी बघणं

हसू नका, बघतात लोक. बाजार साडेतीनला बंद होतो, पण गिफ्ट निफ्टी, म्हणजे गुजरातच्या गिफ्ट सिटीतल्या बाजारात चालणारा निफ्टीचा वायदा, रात्री पावणेतीनपर्यंत हलत असतो. स्टेजवर बीट पडतोय आणि शेजारचा गडी चार्ट उघडून उभा. त्या वेळी तुम्ही काहीही विकू शकत नाही. मग कशाला? तिकीट आधीच डाउनलोड करून ठेवा, गेटवर हजारो लोकांत नेटवर्क मरतं. इन्स्टावर अनोळखी माणसाने विकलेला क्यूआरचा स्क्रीनशॉट घेऊ नका, तोच कोड त्याने आणखी चौघांना विकलेला असू शकतो. सबंध गाणं रेकॉर्ड करण्याचंही तसंच, तो व्हिडिओ नंतर तुम्हीसुद्धा बघत नाही.

"शब्दच कळत नाहीत, नुसती छाती हादरते"

ही तक्रार सर्रास ऐकू येते आणि दोष रॅपरच्या माथी मारला जातो. पुष्कळदा चूक उभं राहण्याच्या जागेची असते. बेसचे स्पीकर स्टेजच्या पायाशी जमिनीवर मांडलेले असतात आणि रॅपरच्या आवाजाचे मुख्य स्पीकर वर टांगलेले. पार पुढे गेलात की बेस अंगावर येतो आणि आवाज डोक्यावरून जातो. ध्वनी अभियंता मैदानाच्या मध्यावर कन्सोल घेऊन बसलेला असतो, तो तिथे जे ऐकतो त्यावरच सगळं जुळवतो. त्याच्या पुढे चार-सहा पावलांवर उभे राहा, शब्द सुटे ऐकू येतील. रॅपमध्ये शब्दच गेले तर उरलं काय? स्वदेसीसारखं पथक मराठी, हिंदी, बंगाली, गुजराती अशा भाषा बदलत जातं, तिथे तर हे जास्तच जाणवतं.

मागून रेकॉर्ड केलेला आवाज वाजतोय म्हणून "फसवलं" असंही म्हणू नका. बरेच रॅपर ट्रॅकवर गातात आणि सोबतचा साथीदार ओळींची शेवटची टोकं उचलतो. श्वास घ्यायला जागा त्यामुळेच मिळते.

सुरुवातीचे कलाकार चुकवू नका. मोठ्या परदेशी नावाआधी बऱ्याचदा इथल्याच पोरांना संधी मिळते. आठवडाभर आधी गाणी ऐकून निदान हुक, म्हणजे पुन्हा पुन्हा येणारी ओळ, पाठ करा.

आणि कान. १०० डेसिबलला सुरक्षित वेळ मोजतात जेमतेम १५ मिनिटं. स्पंजचे इअरप्लग केमिस्टकडे मिळतात. ते बोटांत वळून बारीक करायचे, दुसऱ्या हाताने कान वर आणि मागे ओढायचा, मग आत घालून फुगेपर्यंत धरून ठेवायचं. नुसते तोंडाशी खुपसले तर उपयोग नाही. दुसऱ्या दिवसानंतरही कानात शिट्टी वाजत राहिली किंवा ऐकू कमी आलं, तर कानाच्या डॉक्टरकडे जा, वाट बघू नका.

गर्दीला गृहीत धरणं

लोकलची सवय आहे, आपल्याला काय होतंय, असं म्हणणाऱ्याने २९ सप्टेंबर २०१७चा एल्फिन्स्टन रोडच्या पुलावरची चेंगराचेंगरी आठवावी. ह्यूस्टनला २०२१मध्ये ॲस्ट्रोवर्ल्ड या संगीत महोत्सवाच्या गर्दीत दहा जणांचा जीव गेला. चेंगराचेंगरीत जीव जातो तो बहुधा तुडवलं गेल्याने नाही, छाती दाबली जाऊन श्वास घेता न आल्याने. चारही बाजूंनी अंगाला अंग लागलं आणि हात वर करता येईना, की निघा. हात मुठी करून छातीसमोर ठेवा, लाटेशी झुंजू नका, ती ओसरली की तिरकं सरकत कडेला या. पडलेला फोन उचलायला वाकू नका. कोणी पडलं तर आधी त्याला उठवा. मॉश पिटसाठी, म्हणजे एकमेकांवर आदळत नाचण्यासाठी, गोल मोकळा व्हायला लागला आणि तुम्हाला त्यात पडायचं नसेल, तर तेव्हाच मागे व्हा. चपला घालून तर जाऊच नका.

परतीचा विचार न करणं

उघड्यावर रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिक्षेपकांना बंदी आहे. वर्षातले मोजके दिवस १२पर्यंत सवलत असते, एरवी शो दहाला संपतो आणि सगळं मैदान एकाच वेळी रस्त्यावर येतं. महालक्ष्मीला फास्ट लोकल थांबत नाही. त्यामुळे पाय शाबूत असतील तर मुंबई सेंट्रलपर्यंत चालत जा. कॅबवाले तिप्पट भाव दाखवत असताना फलाटावरून निघूनही जाल. खारघरहून परतताना हार्बरची शेवटची गाडी एम-इंडिकेटरवर आधीच बघून ठेवा, आणि मेट्रो लोकलच्या आधी बंद होते हेही ध्यानात असू द्या.

घरी पोचल्यावर मनगटावरचा बँड लगेच कापून फेकू नका. कॅशलेस बँडात उरलेले पैसे मागायला बहुधा ठरावीक दिवसांचीच मुदत असते आणि त्यावरचा नंबर लागतो. परत आलेली रक्कम त्या १,५००च्या खात्याजवळच ठेवा, एसआयपीत घालायची गरज नाही.