राष्ट्राध्यक्षावर टीका कशी करायची: बुश यांचं एक भाषण घेऊन सराव

अमेरिकेत मतदान करणारे आपले लोक असोत नाहीतर ठाण्यात बसून तिथलं राजकारण रोज फॉलो करणारे, राष्ट्राध्यक्षावरची त्यांची टीका ऐकली की मला खरंच वाईट वाटतं, कारण मनातला मुद्दा बऱ्याचदा बरोबर असतो पण मांडतात इतकं ढिसाळ की समोरचा एका वाक्यात उडवून लावतो. पेट्रोल महागलं, राष्ट्राध्यक्ष नालायक. हल्ला झाला, हे झोपले होते. निकाल पटला नाही, कोर्ट खिशात घातलंय. एवढ्यानं कुणाचंच मत हलत नाही.

सरावासाठी धाकटे बुश, म्हणजे जॉर्ज डब्ल्यू. बुश घ्या. कारकीर्द २००९ मध्ये संपलीय, कागदपत्रं बरीचशी बाहेर आलीत, आणि मुख्य म्हणजे ३१ जानेवारी २००६ चं त्यांचं स्टेट ऑफ द युनियन, म्हणजे संसदेसमोरचं वार्षिक भाषण आहे ज्यात ऊर्जा, दहशतवाद आणि न्यायाधीश हे तिन्ही विषय एकाच जागी सापडतात. त्याच दिवशी सिनेटनं, म्हणजे तिथल्या संसदेच्या वरच्या सभागृहानं, सॅम्युअल अलिटो यांना ५८ विरुद्ध ४२ मतांनी सुप्रीम कोर्टासाठी मंजुरी दिली होती. मुलगी हायस्कूलच्या डिबेट टीममध्ये होती तेव्हा आम्ही दोघींनी या भाषणाचं प्रिंटआउट डायनिंग टेबलवर पसरलं आणि तीन हायलायटर घेऊन बसलो. पिवळा म्हणजे दावा किंवा वचन, हिरवा म्हणजे जे त्यांच्या स्वतःच्या हातात होतं ते, गुलाबी म्हणजे जे काँग्रेसच्या (म्हणजे तिथल्या संसदेच्या), कोर्टाच्या किंवा बाजाराच्या हातात होतं ते. टीका उभी करायची ती पिवळं आणि हिरवं जिथे एकावर एक येतं तिथे. बाकी ठिकाणी जपून.

पण त्याच्याही आधी शब्द तपासायचे. इराक युद्धात बुश 'मिशन अकम्प्लिश्ड' (मोहीम फत्ते) म्हणाले असं मी कित्येक वर्षं छातीठोकपणे सांगायचे आणि एका ओळखीच्या काकांनी भर जेवणात थांबवलं, म्हणाले अगं ते तर मागच्या बॅनरवर होतं. बरोबर होतं त्यांचं. १ मे २००३ ला तो बॅनर लावलेल्या विमानवाहू जहाजावर बुश बोलले ते असं की इराकमधली मुख्य लढाई संपलीय. टीकेला तेवढंही पुरेसं आहे कारण युद्ध त्यानंतर वर्षानुवर्षं चाललं, पण चुकीचे शब्द तोंडी घातले की चर्चा बॅनरवर जाते आणि इराक बाजूला राहतो.

आता ऊर्जा. पेट्रोलच्या भावावरून राष्ट्राध्यक्षाला झोडायचा मोह आवरा, २००८ च्या जुलैमध्ये क्रूड बॅरलला १४७ डॉलरवर गेलं ते जगाच्या बाजारात गेलं, तो भाव व्हाइट हाउस ठरवत नाही. हवामान बदलावरच्या क्योटो कराराचंही तसंच, बुशनी क्योटो मारला म्हणालात तर जाणकार माणूस लगेच सांगेल की १९९७ मध्येच सिनेटनं ९५ विरुद्ध शून्य मतांनी अशा कराराविरुद्ध ठराव केला होता आणि बुश यांच्या आधीच्या क्लिंटन सरकारनं सही करूनही तो सिनेटकडे पाठवलाच नाही. मग काय धरायचं? २००० च्या प्रचारात बुशनी स्वतः सांगितलं होतं की पॉवर प्लांटच्या कार्बन डायऑक्साइडवर मर्यादा आणू, आणि मार्च २००१ मध्ये सिनेटरांना पत्र लिहून तो शब्द मागे घेतला. वचन त्यांचं, पत्र त्यांचं, दुसऱ्या कुणावर ढकलता येत नाही.

२००६ च्या भाषणात तर अजून नेमकं सापडतं. अमेरिकेला तेलाचं व्यसन लागलंय असं ते म्हणाले, २०२५ पर्यंत मध्यपूर्वेतून येणाऱ्या तेलातलं ७५ टक्क्यांहून जास्त तेल दुसऱ्या मार्गानं भागवू असं सांगितलं, स्वच्छ ऊर्जेच्या संशोधनाला २२ टक्के वाढ जाहीर केली. दुसऱ्याच दिवशी ऊर्जामंत्री बोडमन यांनी खुलासा केला की ते मध्यपूर्वेचं उदाहरणादाखल होतं. आणि त्याच सुमारास कोलोरॅडोतल्या गोल्डन गावच्या सरकारी अक्षय ऊर्जा प्रयोगशाळेतून पैसे नाहीत म्हणून ३२ जणांना घरी पाठवलं होतं. मग २१ फेब्रुवारीला बुश तिथे भेट देणार असं ठरल्यावर ऐन आदल्या वीकेंडला ५० लाख डॉलर आले आणि ती माणसं परत कामावर घेतली. पैसे कमी पडले त्यात काँग्रेसनं आपापल्या आवडत्या प्रकल्पांकडे निधी वळवल्याचा हात होता, हेही तुम्हीच सांगून टाका, लपवू नका. तरी प्रश्न उरतोच की भेटीसाठी दोन दिवसांत मिळणारे पैसे त्या आधी का मिळाले नाहीत. मला हे उदाहरण फार महत्त्वाचं वाटतं कारण त्या ३२ घरांत काय झालं असेल हे ज्याची नोकरी गेलीय त्याला वेगळं सांगावं लागत नाही, आणि धोरणावरची टीका अशी माणसापर्यंत आली की ऐकणारा थांबतो.

दहशतवाद हा सगळ्यात अवघड भाग. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यात जवळपास ३००० माणसं गेली, तेव्हा आवाज खाली ठेवूनच बोला आणि समर्थक जे पहिलं वाक्य बोलणार ते आधी तुम्हीच बोला: बुश यांच्या काळात अमेरिकेच्या भूमीवर तेवढा मोठा हल्ला पुन्हा झाला नाही. आता दाव्याकडे या. वॉरंटशिवाय फोन ऐकण्याचा कार्यक्रम १६ डिसेंबर २००५ ला न्यूयॉर्क टाइम्सनं उघड केला आणि दीड महिन्यानं या भाषणात बुशनी त्याचं समर्थन केलं, आधीच्या राष्ट्राध्यक्षांनीही हाच अधिकार वापरला म्हणाले. इथे थांबून तारखा बघायच्या. पाळतीवरचा १९७८ चा कायदा आणि त्याखालचं वॉरंट देणारं खास कोर्ट आलंच मुळी आधीच्या सरकारांनी मनमानी पाळत ठेवली म्हणून. शिवाय त्या कायद्यात घाईची सोय होती, आधी फोन ऐका आणि ७२ तासांत कोर्टात अर्ज करा. मग कोर्ट टाळलं कशासाठी, हा प्रश्न नुसता शांतपणे विचारला तरी समोरच्याला उत्तर शोधावं लागतं.

भाषणात त्यांनी असंही सांगितलं की ९/११ ची विमानं पळवणारे दोन अपहरणकर्ते अमेरिकेतून परदेशात अल कायदाला फोन करत होते पण आपल्याला वेळेत कळलं नाही. हे दोघं म्हणजे सॅन डिएगोत राहिलेले हाझमी आणि मिहधार. ९/११ आयोगाचा अहवाल वाचला तर दिसतं की सीआयएला ही नावं २००० सालापासून माहीत होती, ती एफबीआयपर्यंत वेळेत गेली नाहीत. म्हणजे गळती एका खात्यातून दुसऱ्या खात्यात माहिती जाताना झाली होती, कोर्टाच्या वॉरंटमुळे नाही. आणि हो, त्यातला बराच काळ क्लिंटन यांचा होता, तेही लिहा.

न्यायाधीशांचं करताना आपल्या लोकांची एक गल्लत होते, आपल्या डोक्यात भारतातलं कॉलेजियम असतं, जिथे न्यायाधीशच न्यायाधीश निवडतात. अमेरिकेत राष्ट्राध्यक्ष नाव देतो आणि सिनेट मत देतं, त्यामुळे नाव निवडणं ही पूर्ण हिरव्या रंगातली गोष्ट. ऑक्टोबर २००५ मध्ये बुशनी सुप्रीम कोर्टासाठी आपल्याच व्हाइट हाउसच्या वकील हॅरिएट मायर्स यांचं नाव दिलं. त्या कधी जज नव्हत्या एवढंच म्हणाल तर फसाल, महिन्याभरापूर्वी वारलेले सरन्यायाधीश रेंक्विस्टही कोर्टात येण्याआधी जज नव्हते. खरा मुद्दा सिनेटच्या प्रश्नावलीत आहे. मायर्स यांनी भरून दिलेली उत्तरं अपुरी आहेत म्हणून सिनेटच्या ज्युडिशिअरी कमिटीचे स्पेक्टर (बुश यांच्याच रिपब्लिकन पक्षाचे) आणि विरोधी डेमोक्रॅट लेही या दोघांनी मिळून पुन्हा भरायला सांगितली. विरोध स्वतःच्या पक्षातूनच पेटला आणि २७ ऑक्टोबरला नाव मागे गेलं. ओळखीवर विसंबून निवड केली हे म्हणायला याहून भक्कम आधार काय हवा!

निवड आणि निकाल मात्र वेगळे ठेवा. ग्वांतानामोच्या लष्करी तुरुंगातल्या कैद्यांच्या प्रकरणात बुश याच कोर्टात २००६ मध्ये ५ विरुद्ध ३ आणि २००८ मध्ये ५ विरुद्ध ४ असे हरले. कोर्ट खिशात होतं म्हणणाऱ्याला हे दोन निकाल तोंडघशी पाडतात.

लिहायला बसलात की एका वेळी एकच विषय घ्या, तिन्ही कोंबू नका. पहिल्या वाक्यात ते काय म्हणाले आणि कधी, दुसऱ्यात हातात काय होतं, तिसऱ्यात झालं काय, चौथ्यात त्यांच्या बाजूचं जे खरं आहे ते, शेवटी प्रश्न. विशेषणं सगळी काढून टाका, वाचून बघा, मुद्दा उभा राहतोय का? मग घरातल्या किंवा ऑफिसातल्या अशा एकाला दाखवा ज्यानं त्याच राष्ट्राध्यक्षाला मत दिलंय, आणि तो जिथे अडेल तिथली तारीख किंवा आकडा परत तपासा.

आणि पत्र जिथे मत आहे तिथे पाठवा. निधीचं असेल तर हाउसमधल्या, म्हणजे संसदेच्या खालच्या सभागृहातल्या तुमच्या प्रतिनिधीला आणि दोन्ही सिनेटरांना, नॉमिनेशनचं असेल तर फक्त सिनेटरांना, आणि तेही ज्युडिशिअरी कमिटीची सुनावणी सुरू व्हायच्या आधी पोचेल असं, कारण एकदा मतदान झालं की तो न्यायाधीश तहहयात बसतो.