ऑडिटमधली पहिली दोन वर्षं: या चुका टाळा

सीएची आर्टिकलशिप (फर्ममधलं सक्तीचं प्रशिक्षण) आता दोन वर्षांची झाली आहे. १ जुलै २०२३ पासूनच्या नव्या योजनेत तिसरं वर्ष गेलं, म्हणजे शिकायला मार्चअखेर दोन आणि टॅक्स ऑडिटचे सप्टेंबरही दोनच. कोल्हापुरात शाहूपुरीतल्या फर्ममध्ये असा नाहीतर पुण्या-मुंबईला बिग फोरमध्ये (जगातल्या चार मोठ्या ऑडिट फर्मपैकी एकीत), नवख्यांच्या चुका त्याच असतात. बहुतेक घाईतून होतात.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे स्टॉक मोजायला जाऊन नुसती लिस्ट टिक करून येणं. शिरोली एमआयडीसीत फाउंड्रीच्या (ओतकामाच्या कारखान्याच्या) स्टॉकला गेलेल्या पोराचं कसं होतं बघा. स्टोअरकीपर म्हणतो, "कशाला धुळीत हात घालायलाय साहेब, ही लिस्ट घ्या की." पोरगं लिस्ट घेतं, त्यातले ढीग शोधतं, नग मोजतं. नग बरोबर निघतात आणि स्टॉक तरी चुकतो. का? अर्ध्या कास्टिंगचं (ओतलेल्या नगांचं) फेटलिंग, म्हणजे जादा धातू काढून सफाई, झालेलंच नसतं. रनर-रायझरसकट (ओतताना नगाला चिकटून राहिलेल्या जादा धातूसकट) वजन धरून त्याला तयार मालाचा भाव लागतो. खरं तर रनर-रायझर परत भट्टीत जाणार, त्याची किंमत भंगाराएवढीच. मागच्या भिंतीलगतचा रिजेक्शनचा ढीगही चांगल्या मालात मोजला जातो. आणि मशीन शॉपमधले नग दुसऱ्याच्या मालकीचे, जॉबवर्कला आलेले असतात. रिव्ह्यूमध्ये हे सापडेपर्यंत माल गेलेला असतो. मग एप्रिलची चलनं, हीट रजिस्टर (भट्टीतल्या प्रत्येक वितळणीची नोंद) आणि रिजेक्शन रजिस्टर घेऊन उलटं मोजत बसायचं. तासाभराच्या कंटाळ्यापायी तीन-चार दिवस जातात.

म्हणून मोजणी दोन्ही बाजूंनी करा. लिस्टमधले दहा आयटम जमिनीवर शोधा आणि जमिनीवरचे दहा लिस्टमध्ये शोधा. दुसरा भाग सगळे टाळतात, आणि लिस्टमध्ये न आलेला माल तिथेच सापडतो. प्रत्येक ढिगापाशी तीन प्रश्न विचारायचे: माल कुणाचा, काम कुठवर झालंय, शेवटचा कधी हलला? दोन-तीन नग स्वतः काट्यावर ठेवून वजन लिहून घ्या. मोजणी सुरू होण्याआधी शेवटचा जीआरएन (माल आत आल्याची पावती), शेवटचं डिलिव्हरी चलन आणि शेवटचं बिल यांचे नंबर टिपून ठेवा. नाहीतर गेटवर उभा असलेला ट्रक विक्रीतही धरला जातो आणि स्टॉकमध्येही. मोजणी २ एप्रिलला झाली तर ३१ मार्चचा स्टॉक काढायला मधल्या दोन दिवसांत बाहेर गेलेला माल मिळवायचा, आत आलेला वजा करायचा. ही चिन्हं उलटी लावणारे दरवर्षी भेटतात.

दुसरी चूक व्हाउचिंगची, म्हणजे प्रत्येक नोंद बिल-व्हाउचरशी ताडण्याच्या कामातली. सहा महिने झाले की ते कमीपणाचं वाटू लागतं आणि पोरांना थेट फायनलायझेशन (ताळेबंद पक्का करण्याचं काम) पाहिजे असतं. हे मला अजिबात पटत नाही. एकाच माणसाला एकाच दिवशी ९,५०० रुपयांची दोन रोख व्हाउचर लेजरमध्ये निरुपद्रवी दिसतात. साध्या खर्चाची रोख मर्यादा माणशी दिवसाला १०,००० रुपये आहे, व्हाउचरमागे नव्हे. तारीख, नाव आणि सही शेजारी-शेजारी ठेवून बघणाऱ्यालाच हे सापडतं. बिल समोर नसेल तर टिक मारू नका, क्वेरी लिहा. "नंतर देतो" हे काही बिल नव्हे.

बॅलन्स कन्फर्मेशनची पत्रं (समोरच्या पार्टीकडून बाकी पडताळून घ्यायची) क्लायंटच्या अकाउंटंटकडे पाठवायला देऊन मोकळं होऊ नका. पत्ता किंवा ईमेल बिलावरून पडताळा, पत्र स्वतः पाठवा आणि उत्तर थेट फर्मकडेच येऊ द्या. मधल्या हातातून आलेल्या उत्तराला पुराव्याची किंमत राहत नाही.

आणखी एक चूक म्हणजे मागच्या वर्षीचा वर्किंग पेपर (तपासणीची टिपणं) कॉपी करून नुसतं वर्ष बदलणं. चालू वर्षाच्या कागदावर जुन्या मॅनेजरचं नाव निघालं की रिव्ह्यू करणाऱ्याचा अख्ख्या फाइलवरचा विश्वास उडतो. कोऱ्या पानावर सुरुवात करा, जुनी फाइल शेवटी ताडायला घ्या.

एक्सेलमध्ये बेरीज हाताने टाइप करू नका. लॅपटॉपचा पासवर्ड कुणाला देऊ नका. क्लायंटच्या गेटसमोरचा फोटो स्टेटसला टाकू नका.

मोठ्या फर्ममध्ये जाणाऱ्यांनी शेअर्सचं आधी बघावं. स्वतःचं डिमॅट तर असतंच, वडिलांच्या खात्यातलं काय जाहीर करायचं तेही पहिल्याच आठवड्यात विचारून घ्या. ऑडिट क्लायंटचा एक शेअरसुद्धा अडचणीत आणतो.

फाइल मागून भरू असं म्हणणाऱ्यांसाठी: ऑडिट रिपोर्टच्या तारखेपासून फाइल लावून पूर्ण करायला साधारण ६० दिवस मिळतात. ते कागद नीट लावण्यासाठी आहेत, राहिलेलं काम करण्यासाठी नाहीत. रोज संध्याकाळी क्लायंटकडून निघण्याआधी पंधरा मिनिटं काढा. काय बघितलं, कुठून कुठवर बघितलं आणि काय मागितलंय, एवढं त्याच दिवशी लिहा. चूक झाली असेल तर तीही त्याच संध्याकाळी सीनियरला सांगा; माल अजून गोदामात असतो, दुसऱ्या दिवशी जाऊन परत मोजता येतो.