काक्षीची प्रत नुसत्या डोळ्यांनी कशी मोजावी

रूपविकारी, म्हणजे तेज बदलणाऱ्या, ताऱ्यांच्या निरीक्षणासाठी मोठी दुर्बीण लागते, असे सांगणाऱ्यांकडे लक्ष देऊ नका. मृगातली तांबूस काक्षी, म्हणजे बीटलज्यूस, मोजायला डोळे, वही आणि घड्याळ एवढेच लागते. इंग्रज खगोलशास्त्रज्ञ जॉन हर्शेलला १८३६ साली तिच्या तेजातला बदल जाणवला तोही नुसत्या डोळ्यांनीच. २०१९च्या अखेरीस ती मंदावू लागली आणि फेब्रुवारी २०२० मध्ये सुमारे १.६ प्रतीपर्यंत (प्रत म्हणजे तेज मोजण्याचा आकडा) उतरली. एरवी मृगाच्या दोन खांद्यांत ती सहज उठून दिसते, पण तेव्हा ती आणि दुसऱ्या खांद्यावरची बेलाट्रिक्स जवळजवळ सारख्याच दिसत होत्या. ताऱ्याने बाहेर फेकलेल्या द्रव्यातून तयार झालेली धूळ हे त्यामागचे मुख्य कारण मानले जाते. त्या काळात जगभरच्या हौशी निरीक्षकांच्या नोंदी संशोधकांच्या उपयोगी पडल्या, कारण एवढा तेजस्वी तारा मोठ्या दुर्बिणींच्या कॅमेऱ्यांना झेपत नाही.

प्रतीचा आकडा जेवढा लहान, तेवढा तारा तेजस्वी, हे लक्षात असू द्या. तुलनेसाठी पाच तारे पाठ करा: ब्रह्महृदय (कॅपेला) ०.१, प्रश्वा (प्रोसियन) ०.४, रोहिणी ०.९, पुनर्वसूतला पॉलक्स १.१ आणि बेलाट्रिक्स १.६. मृगातलाच राजन्य (रायगेल) जवळ आहे म्हणून अनेक जण तोच सुचवतात. मी तो वापरत नाही. तो निळसर पांढरा आहे आणि तांबड्या ताऱ्याशी त्याची तुलना करताना डोळा हमखास चकतो. ब्रह्महृदयाचा पिवळसर रंग त्यापेक्षा बरा, आणि रोहिणीचा नारिंगी रंग सगळ्यांत उत्तम.

अंधाऱ्या जागी वीस मिनिटे बसा. मोबाइल खिशात ठेवा.

आता खरी अवघड पायरी, प्रत्यक्ष तुलनेची. मलाही हीच सर्वांत जड गेली, आणि याच पायरीबद्दल सर्वाधिक चुकीचे सल्ले दिले जातात.

पहिली गोष्ट उंचीची. डिसेंबरात संध्याकाळी काक्षी पूर्वेला नुकतीच वर येत असते, तेव्हा रोहिणी बरीच वर पोचलेली असते. त्या क्षणी केलेली तुलना फुकट जाते. तारा जितका क्षितिजाजवळ, तितका त्याचा प्रकाश जास्त जाड हवेतून येतो. २० अंश उंचीवर हा हवेचा थर डोक्यावरच्या थराच्या जवळजवळ तिप्पट असतो. स्वच्छ हवेतही २० अंशांवरचा तारा ६० अंशांवरच्या ताऱ्याच्या तुलनेत सुमारे ०.४ प्रतीने मंद दिसतो; आपल्याकडच्या धुळीत आणि धुरक्यात त्याहून जास्त. काक्षी महिनोन्महिने जेवढी बदलते, तेवढा फरक हवाच पाडून जाते. ‘आज काक्षी केवढी मंद!’ असे संध्याकाळी सातला कुणी म्हणाले, तर आधी तिची उंची विचारा.

महाराष्ट्राच्या अक्षांशावरून फेब्रुवारीच्या मध्यावर रात्री साडेआठ ते पावणेदहा ही उत्तम वेळ. तेव्हा काक्षी आणि पहिले चार तुलनातारे ५५ अंशांच्या वर असतात आणि हवेचा फरक नगण्य होतो. जानेवारीच्या मध्यावर हीच वेळ सुमारे दोन तास उशिरा येते, मार्चच्या मध्यावर दोन तास लवकर. मार्चमध्ये अंधार पडताच कामाला लागा.

दुसरी गोष्ट रंगाची. ‘ताऱ्याकडे नीट, बराच वेळ बघा’ हा सल्ला काक्षीच्या बाबतीत सरळ घातक आहे. तांबड्या ताऱ्याकडे टक लावली की तो हळूहळू अधिक तेजस्वी भासू लागतो. दहा सेकंदांत तुमचा अंदाज बिघडतो, आणि तो बिघडल्याचे तुम्हाला कळतही नाही. म्हणून एकेका क्षणाचीच नजर टाका: काक्षी, रोहिणी, काक्षी, प्रश्वा. हे तारे एकमेकांपासून वीसहून अधिक अंश दूर आहेत. त्यामुळे मान वळवून प्रत्येक तारा नजरेच्या अगदी मध्यभागी आणा. एक तारा समोर आणि दुसरा डोळ्याच्या कोपऱ्यात, अशी तुलना करू नका. नजरेच्या मध्याची आणि कडेची संवेदनक्षमता सारखी नसते.

लांबचे दिसण्यासाठी चष्मा लागत असेल, तर तो काढून एकदा बघाच. तारे पसरट ठिपक्यांसारखे दिसतात, टोकदार चमक आणि लुकलुक कमी होते, आणि दोन ठिपक्यांची तुलना करणे सोपे जाते. पण तुलनातारेही चष्म्याशिवायच बघायचे. एकदा पद्धत ठरली की पूर्ण हंगामभर तीच ठेवा.

मग विभागणी करा. समजा, काक्षी प्रश्वाहून मंद आणि रोहिणीहून तेजस्वी आहे. त्या दोघांत अंतर ०.५ प्रतीचे. या अंतराचे मनात पाच भाग करा. काक्षी प्रश्वापासून दोन भागांवर वाटली, तर तिची प्रत ०.६. एका दशांशापुढे जाऊ नका. डोळ्याला ०.६३ दिसत नाही, आणि तसा आकडा लिहिणाऱ्याच्या बाकीच्या नोंदींवरही माझा विश्वास बसत नाही.

आणि एक कडक नियम: निरीक्षणाआधी इतरांचे ताजे आकडे बघायचे नाहीत, स्वतःची मागची नोंदही नाही. आकडा एकदा डोक्यात बसला की डोळा तोच शोधतो. मोबाइलच्या अ‍ॅपमध्ये दिसणारी प्रत तर तुलनेसाठीही घेऊ नका. तो बहुधा साठवलेला ठरावीक आकडा असतो, आज रात्रीचा नव्हे.

आकडा जागेवरच लिहा. सोबत वेळ, वापरलेले दोन तुलनातारे आणि चंद्र किंवा विरळ ढग असल्यास तो शेरा.

नोंद पाठवायची ती अमेरिकन असोसिएशन ऑफ व्हेरिएबल स्टार ऑब्झर्व्हर्सकडे. ही संस्था १९११ पासून हेच काम करते आहे आणि तिच्याकडे निरीक्षक कोणत्याही देशातला चालतो. अविभाजित बंगालमधल्या जेसोरच्या राधागोविंद चंद्र यांनी तिला ३७ हजारांहून अधिक नोंदी पाठवल्या होत्या. निरीक्षक-संकेतांक घ्या आणि त्यांच्या संकेतस्थळावरून तुलनाताऱ्यांचा नकाशा काढा. नकाशावर दशांशचिन्ह छापत नाहीत, कारण तो ठिपका तारा वाटू शकतो. ३४ म्हणजे ३.४. नोंदीत नकाशाचा क्रमांकही लिहावा लागतो. वेळ जागतिक हवी, म्हणून भारतीय वेळेतून साडेपाच तास वजा करा. पहाटे साडेपाचच्या आधीचे निरीक्षण असेल, तर तारीखही एक दिवस मागे जाते. नवे निरीक्षक इथेच सर्वाधिक घसरतात.

आठवड्याला एक नोंद पुरे. काक्षीचा मुख्य चढउतार सुमारे ४०० दिवसांचा आहे. रोजची नोंद काही नवे सांगत नाही, उलट कालचा आकडा विसरू देत नाही.

महाराष्ट्रातल्या निरीक्षकाला काक्षी सोयीची आहे. पावसाळ्यामुळे तिचे फारसे नुकसान होत नाही, कारण जूनमध्ये मृग आणि आर्द्रा लागतात तेव्हा सूर्यच तिच्या आसपास असतो आणि ती दिसत नाही. एप्रिलमध्ये ती संध्याकाळी पश्चिमेला कलू लागते. ३० अंशांच्या खाली गेली की त्या हंगामाची वही बंद करा आणि ऑगस्टच्या अखेरीस, आभाळ उघडले तर, पहाटे पूर्वेकडे पुन्हा सुरुवात करा.