वेगवान रो-रो बोटीची घोषणा पारखायची कशी

मुंबईहून कोकणात माणसं आणि गाड्या घेऊन जाणाऱ्या वेगवान रो-रो बोटीची (जिच्यात गाड्या थेट चालवत चढवता-उतरवता येतात) बातमी आली की गावोगावच्या ग्रुपवर दोन तट पडतात. एकाला गणपतीचा प्रवास सुटल्यासारखा वाटतो. दुसरा म्हणतो, महामार्ग होईना, तिथे बोट कसली होतेय. दुसऱ्या तटाला दोष देता येत नाही, कारण मुंबई–गोवा महामार्गाचं रुंदीकरण २०११ पासून चाललं आहे. पण नुसती शंका घेऊन काही हाती लागत नाही. घोषणेतले आकडेच एकमेकांशी लावून पाहिले, तर कोणता दावा टिकतो आणि कोणता नाही हे घरबसल्या कळतं. त्यासाठी नकाशा, पंचांग आणि साधा कॅल्क्युलेटर एवढं पुरतं.

अंतर आणि वेग

अक्षांशाचं १ मिनिट म्हणजे १ समुद्री मैल, म्हणजे १.८५२ किलोमीटर. तासाला १ समुद्री मैल हा वेग म्हणजे १ नॉट. आपला किनारा जवळपास सरळ उत्तर-दक्षिण असल्यामुळे दोन बंदरांच्या अक्षांशांची वजाबाकी केली की निदान किती अंतर कापावं लागेल ते निघतं. प्रत्यक्ष अंतर याहून जास्तच भरतं, कारण कुलाब्याला वळसा घालावा लागतो आणि किनारा थोडा पूर्वेकडेही सरकत जातो.

मुंबईतून बोट सुटते तो भाऊचा धक्का साधारण १८ अंश ५७ मिनिटांवर, जयगड १७ अंश १८ मिनिटांवर आणि विजयदुर्ग १६ अंश ३४ मिनिटांवर आहे. म्हणजे जयगड किमान ९९ समुद्री मैल, विजयदुर्ग किमान १४३. वळसे धरले तर १०५ आणि १५० च्या आसपास.

आता ऑगस्ट २०२५ मध्ये जाहीर झालेले आकडे घ्या: वेग २५ नॉट, रत्नागिरी जिल्ह्यातलं जयगड ३ तासांत, सिंधुदुर्गातलं विजयदुर्ग ५ तासांत. २५ नॉटने ३ तासांत ७५ समुद्री मैल होतात. एवढ्यात बोट हर्णै आणि दाभोळच्या मधे कुठेतरी असेल. जयगडला याच वेगाने ४ तास १० मिनिटं लागतात आणि विजयदुर्गला ६ तास. जाहीर केलेली वेळ पाळायची तर जयगडसाठी ३५ नॉट आणि विजयदुर्गसाठी ३० नॉट वेग हवा. शिवाय मुंबई बंदराच्या हद्दीत आणि खाडीच्या तोंडाशी पूर्ण वेग घेता येत नाही, त्याची २०–३० मिनिटं वेगळी.

याचा अर्थ बोट खोटी असा होत नाही. वेळ सांगणाऱ्याने भागाकार केला नव्हता, एवढाच होतो. प्रवासाची आखणी करताना आपण वेळ विसरायची आणि वेग व अंतर धरायचं.

मग घरापासून घरापर्यंतचा वेळ मांडा. डोंबिवली किंवा बोरिवलीहून भाऊचा धक्का दीड-दोन तास. गाडी असेल तर निदान तासभर आधी हजर. समुद्रावर साडेचार तास. जाहीर झालेल्या क्षमतेएवढ्या ५० गाड्या एका रॅम्पवरून उतरायला, गाडीमागे अर्धं-पाऊण मिनिट धरलं तरी, २५ ते ४० मिनिटं. जयगडहून रत्नागिरी किंवा गणपतीपुळ्याच्या पुढचं गाव गाठायला आणखी तास-सव्वा तास. बेरीज साडेआठ ते साडेनऊ तासांपर्यंत जाते. गणपतीच्या आदल्या रात्री माणगावला अडकणाऱ्याला हे परवडेल. फेब्रुवारीतल्या मंगळवारी एकट्या माणसाला रेल्वे केव्हाही बरी.

वळशाचं गुणोत्तर

कोणती बोट टिकेल याचा अंदाज घ्यायला रस्त्याच्या अंतराला समुद्राच्या अंतराने भागून पाहावं. भाऊचा धक्का ते मांडवा पाण्यातून सुमारे १९ किमी, रस्त्याने ११० च्या आसपास, म्हणजे जवळपास सहापट. ही रो-रो मार्च २०२० मध्ये सुरू झाली. गुजरातेत घोघा–हजिरा पाण्यातून ९० किमी, रस्त्याने ३७०, म्हणजे चौपट. दाभोळ–धोपावे फेरीबोट २००३ पासून आहे. खाडी ओलांडायला काही मिनिटं लागतात आणि ती नसेल तर चिपळूणला वळसा पडतो. तिथलं गुणोत्तर काढायचीही गरज नाही.

मुंबई–जयगड पाण्यातून १९५ किमी, रस्त्याने साडेतीनशेच्या आत-बाहेर. दुपटीलाही कमी. म्हणून इथे रस्ता सुधारला की बोटीचं गिऱ्हाईक पातळ होतं, आणि घोषणेच्या उत्साहात कुणी बोलत नसेल अशी ही सगळ्यात मोठी अडचण आहे. नव्वदच्या दशकात मुंबई–गोवा कॅटामरान (दोन तळ जोडलेली वेगवान बोट) धावत होती, ती बंद पडली. २०१८ च्या ऑक्टोबरात सुरू झालेली आंग्रिया क्रूझही फार काळ चालली नाही. लांबच्या पल्ल्यावर बोटीला स्पर्धा रस्त्याची, रेल्वेची आणि विमानाची, तिघांची असते.

धक्क्याला पाणी किती

बोट विकत घेता येते, पाणी विकत घेता येत नाही. घोघा–दहेज रो-रो हा याचा ताजा धडा आहे. २०१७ मध्ये उद्घाटन झालं, पण दहेजच्या बाजूला गाळ इतका साचत गेला की पुरेशी खोली टिकेना आणि २०२० मध्ये सेवा थांबवावी लागली. मग तीच सेवा हजिऱ्याला हलवली गेली. बोट चांगलीच होती.

तपासायचं असं: सागरी नकाशावर धक्क्यापाशी जी खोली छापलेली असते ती जवळपास सर्वांत खालच्या ओहोटीची. तिच्यात त्या वेळची भरतीची उंची मिळवली की प्रत्यक्ष पाणी मिळतं. त्यातून बोटीचा बुडालेला भाग, म्हणजे ड्राफ्ट, वजा करा. तळाखाली निदान अर्धा ते एक मीटर पाणी उरलं पाहिजे. समजा नकाशावर २ मीटर आहे, ओहोटीची उंची ०.४ मीटर आणि बोटीचा ड्राफ्ट २.३ मीटर. उरलं १० सेंटीमीटर. अशी बोट त्या वेळी आत घेणारा कप्तान नोकरीवरून जाईल.

भरतीची वेळ काढायला कोष्टक जवळ नसेल तर किनाऱ्यावरचा जुना हिशेब चालतो: तिथीची पाऊणपट करा. चतुर्थीला ४ ची पाऊणपट ३, म्हणून तीनच्या सुमाराला पूर्ण भरती आणि त्याआधी सहा तास, नऊला पूर्ण ओहोटी. हा हिशेब मुंबईचा. जयगड-विजयदुर्गाकडे भरती थोडी आधी येते. हरतालिकेच्या दिवशी, तृतीयेला, भरती सव्वादोनची आणि ओहोटी सकाळी सव्वाआठची. त्या सकाळी बोट कितीला धक्क्याला लागणार हे विचारायला हरकत नाही.

एक सोपी खूणही आहे. भरती रोज साधारण ५० मिनिटं पुढे सरकते. बोटीचं वेळापत्रक महिनाभर एकच असेल तर धक्क्याला ओहोटीतही पाणी आहे. वेळा रोज सरकत असतील तर बोट भरतीच्या मेहेरबानीवर आहे, जाहिरातीत काहीही लिहिलेलं असो.

रॅम्पचंही पाहावं. मुंबईला उधाणाला पाणी साडेचार-पाच मीटर चढतं-उतरतं, रत्नागिरीकडे त्याच्या निम्मं. धक्का नुसता काँक्रीटचा उतार असेल तर ओहोटीला कमी उंचीच्या गाड्यांचा बंपर आणि सायलेन्सर घासतो. पोंटून, म्हणजे पाण्याबरोबर वरखाली होणारा तरंगता धक्का, आणि बिजागरीचा पूल असेल तर चढ आटोक्यात राहतो. काम चालू असलेल्या जेटीवर यातलं काय बांधलं जातंय हे डोळ्यांनी दिसतं.

पावसाळा

पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ ऑगस्ट हा वादळी हंगाम धरला जातो. गेटवे–मांडवा लाँचा या काळात बंद असतात. २०२५ ची गणेश चतुर्थी २७ ऑगस्टला, म्हणजे याच हंगामात होती; २०२६ ची १४ सप्टेंबरला आहे. चाकरमान्यांची सगळ्यात मोठी गर्दी आणि समुद्राचा सगळ्यात वाईट काळ असे एकमेकांना खेटून येतात.

वेगवान बोटींसाठी आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेची वेगळी संहिता आहे. ती लागू होते का हे वेग आणि आकारमानावर ठरतं: बोटीने बाजूला सारलेल्या पाण्याचं घनमीटरमधलं आकारमान घ्यायचं, त्याचं सहावं मूळ काढायचं आणि ३.७ ने गुणायचं. येणाऱ्या आकड्याइतके मीटर प्रतिसेकंद किंवा जास्त वेग असेल तर ती ‘वेगवान’. १००० घनमीटरच्या बोटीला ही सीमा २२.७ नॉट पडते, २००० घनमीटरला २५.५. म्हणजे २५ नॉटची बोट आकारानुसार सीमेच्या अलीकडे किंवा पलीकडे असू शकते. पलीकडे असेल तर तिला चालवण्याचा वेगळा परवाना लागतो आणि त्यात किती उंचीच्या लाटांपर्यंत जायचं ते लिहिलेलं असतं. प्रवासी बोट सुरक्षित आसऱ्यापासून ४ तासांहून दूर जाऊ नये अशीही अट आहे. आपल्याकडे दर थोड्या अंतरावर खाडी असली तरी पावसाळ्यात प्रत्येक खाडीचं तोंड मोठ्या बोटीला सुरक्षित नसतं.

‘बारमाही’ हा शब्द दिसला की म्हणून एकच प्रश्न विचारा: परवान्यात लाटेची मर्यादा किती मीटर?

‘रामदास’चा दाखला इथे हमखास निघतो. १७ जुलै १९४७ ला रेवसच्या वाटेवर ती बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसं गेली. पण ती बिनतारी यंत्रणा नसलेली आगबोट होती आणि ऐन जुलैतल्या वादळात निघाली होती. त्यावरून आजची बोट बुडेल असा निष्कर्ष काढणं चुकीचं. खवळलेल्या समुद्रात बोट सोडायची नाही हा निष्कर्ष बरोबर, आणि तो पाळला जाईल तेव्हा फेऱ्या रद्द होतील. रद्द फेरी हे व्यवस्था चालू असल्याचं लक्षण समजावं, मात्र पैसे किती दिवसांत परत मिळतात ते तिकिटाआधी वाचावं.

हिवाळ्या-उन्हाळ्यातही एक गोष्ट ध्यानात असू द्या. दुपारी खारे वारे वायव्येकडून जोर धरतात, तेव्हा मुंबईकडे येणारी बोट लाटांच्या तोंडावर चालते. पोटात ढवळणाऱ्यांनी परतीची फेरी सकाळची घ्यावी आणि बसायला मधली, खालची जागा मागावी.

खर्च कोण भरणार

जाहीर झालेलं साधं भाडं २५०० रुपये होतं, चारचाकीचं ६०००. चौघांचं कुटुंब गाडीसह गेलं तर एका बाजूचे १६,००० होतात. तेवढ्याच प्रवासाला रस्त्याने पेट्रोल तीन-साडेतीन हजारांचं लागतं. तरीही भाडं जास्त म्हणून ओरडण्याआधी इंधनाचा हिशेब करावा. इंजिनांची एकूण शक्ती किलोवॅटमध्ये घ्या, ०.८५ ने गुणा, मग तासाला दर किलोवॅटमागे २०० ग्रॅम डिझेल धरा. समजा शक्ती १०,००० किलोवॅट आहे. तासाला १७०० किलो, म्हणजे सुमारे २००० लिटर. विजयदुर्गपर्यंत सहा तासांत १२,००० लिटर, ९० रुपये दराने १० लाख ८० हजार. जाहीर झालेल्या क्षमतेच्या ६५६ प्रवाशांपैकी ६० टक्के आले आणि ५० पैकी ३० गाड्या चढल्या तर साध्या भाड्याने जमा साडेअकरा लाखांच्या आसपास. वरच्या वर्गांची तिकिटं खपली तर थोडे अधिक. पगार, विमा, बंदराचं शुल्क आणि कर्जाचा हप्ता यातूनच.

वेग २५ वरून २० नॉटवर आणला तर लागणारी शक्ती ढोबळमानाने निम्मी होते आणि फेरीमागचं इंधन एक तृतीयांशाहून जास्त वाचतं. कॅटामरानला हे गणित तंतोतंत लागू पडत नाही, पण दिशा तीच. म्हणून सेवा सुरू झाल्यावर प्रवासाची वेळ हळूच वाढली, तर कारण बहुधा इंजिनात नसून हिशेबाच्या वहीत असतं.

फेऱ्याही मोजा. विजयदुर्गला जाऊन-येऊन १२ तास, मधे चढ-उतार दीड तास. खलाशांना २४ तासांत किमान १० तास विश्रांती देणं आंतरराष्ट्रीय नियमाने बंधनकारक आहे. दुसरी तुकडी नसेल तर २४ तासांत जेमतेम अर्धा तास उरतो, म्हणून रोज जाऊन-येऊन फेरी जमणं कठीण. आणि धक्क्यावर उतरलेली ६५६ माणसं पुढे न्यायची म्हणजे एसटीच्या १५ गाड्या.

कागद मागवणं

माहिती अधिकारात अर्ज महाराष्ट्र सागरी मंडळाच्या जन माहिती अधिकाऱ्याकडे करावा. शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. महाराष्ट्राच्या नियमांनुसार एका अर्जात एकच विषय आणि मजकूर १५० शब्दांच्या आत हवा, म्हणून दोन अर्ज करा. पहिल्यात धक्क्यापाशी पाण्याची खोली मोजल्याचा शेवटचा नकाशा तारखेसह, आणि गाळ काढण्याची जबाबदारी व खर्च कुणाचा याची प्रत मागा. दुसऱ्यात बोट चालवणाऱ्या कंपनीशी झालेला करार: अनुदान किती, किमान किती फेऱ्या बंधनकारक, फेऱ्या चुकल्या तर दंड काय. ‘प्रकल्प कधी पूर्ण होणार’ असा प्रश्न विचारू नये. अस्तित्वात असलेला कागद मागितला तर तो द्यावा लागतो. मत मागितलं तर अर्ज निकालात निघतो. उत्तर आलं नाही तर ३० दिवसांत पहिलं अपील.

मच्छीमार सोसायट्यांनी बोटीच्या मार्गाची रेषा नकाशावर, किनाऱ्यापासूनच्या अंतरासकट मागावी आणि ती जाळी टाकायच्या पट्ट्यांवर ठेवून पाहावी. रात्रीची फेरी असेल तर जास्तच, कारण जाळ्याच्या टोकाला एक झेंडा आणि मिणमिणता दिवा एवढंच असतं. यात नुकसान दोघांचं आहे: बोट वॉटरजेटवर, म्हणजे पाणी आत ओढून मागे झोत फेकणाऱ्या यंत्रावर, चालत असेल तर त्याच्या तोंडात जाळ्याचा तुकडा किंवा प्लास्टिक ओढलं गेलं की बोटीचा वेग पडतो आणि साफसफाईला थांबावं लागतं.

सेवा सुरू झाली की मोबाइलवर जहाजांची जागा दाखवणारं एखादं एआयएस ॲप उघडून पंधरा दिवस नोंद ठेवा: सुटायची वेळ, खुल्या समुद्रातला वेग, धक्क्याला लागायची वेळ, रद्द फेऱ्या. पहिला सणाचा आठवडा धरू नये, तेव्हा सगळे धावतात. त्यानंतरच्या नोंदी पाहून तिकीट काढा, आणि गणपतीत जाणार असाल तर रेल्वेचं आरक्षण बोट धक्क्यावरून सुटेपर्यंत रद्द करू नका.