दंगा काबू योजनेच्या तालमीचे फोटो काढायचेत? आधी वारा बघा

सोलापुरात सण-निवडणुकांच्या तोंडावर पोलिसांची दंगा काबू योजनेची, म्हणजे दंगल आटोक्यात आणायची, रंगीत तालीम असते, शिवाय सोरेगावला राज्य राखीव पोलीस दलाचा गट क्र. १० आहे, त्यामुळं इथल्या फोटोवाल्यांना हा चान्स मिळू शकतो. परवानगी मात्र आधीच लेखी घ्या, आणि कुठं थांबायचं, कशाचा फोटो नको हेही तिथल्या साहेबांनाच विचारून ठेवा.

मैदानावर गेल्या गेल्या वारा कुठनं येतोय ते बघा आणि तो पाठीवर घेऊन थांबा, कारण अश्रुधुराची नळकांडी फुटली की धूर वाऱ्याबरोबर जातो, समोर उभं राहिलात तर डोळेच उघडणार नाहीत. कॉन्टॅक्ट लेन्स घालत असाल तर त्या दिवशी चष्मा लावा.

आता धुरातला फोकस. ऑटोफोकस पांढऱ्या धुरात नुसता पुढं-मागं फिरत राहतो, म्हणून धुराच्या कडेला फोकस लावून ठेवा आणि जवान ढाल घेऊन त्या कडेतून बाहेर आला की बटण दाबा, हेल्मेटच्या काचेमागचा चेहरा तेवढ्या एका क्षणातच मिळतो. फ्रेम धुरानं भरली की कॅमेरा फोटो काळपट करतो, म्हणून एक्सपोजर कॉम्पेन्सेशन +०.७ ठेवा. शटर स्पीड १/१००० सेकंदाच्या आसपास, आणि शक्यतो मेकॅनिकलच, बऱ्याच कॅमेऱ्यांत इलेक्ट्रॉनिक शटरवर फिरणारी लाठी चक्क वाकडी दिसते.

एप्रिल-मेचं ऊन हा वेगळाच विषय. पारा ४० च्या वर गेला की जमिनीलगतची हवा थरथरते आणि टेलीलेन्सनं लांबून काढलेले फोटो मऊ, म्हणजे कमी धारदार, येतात, त्यात लेन्सचा काही दोष नाही, महागडी घेऊनही फरक पडत नाही, सकाळी लवकर काढा नाहीतर परवानगी असेल तेवढं जवळ जा. बऱ्याच कॅमेऱ्यांना कंपनीनंच ४० डिग्रीची मर्यादा दिलेली असते, तेव्हा मधल्या वेळात वरून पांढरा सोलापुरी टॉवेल टाका. धुळीत लेन्स बदलू नका, काच आधी ब्लोअरनं फुंकून मगच पुसा.

क्रम आधी माहीत करून घ्या. साधारणपणे आधी भोंग्यावरून इशारा, लाठी, धूर वगैरे सगळं त्यानंतर. इशारा ऐकू आला की जागा घ्यायला थोडा वेळ मिळतो.

आणि फोटो टाकताना 'रंगीत तालीम', तारीख, ठिकाण हे फोटोवरच लिहा, खाली कॅप्शनमध्ये नको, व्हॉट्सॲपवर फॉरवर्ड होताना कॅप्शन गळू शकतं आणि खरी दंगल म्हणून फोटो गावभर फिरतो.