फॉर्म उघडत नाही? सेतू केंद्रांनी आणि ग्रामपंचायतींनी या चुका टाळा

पीक विम्याची मुदत संपत आली की गावोगावच्या सेतूत एकच वाक्य ऐकू येतं, 'साइट बंद आहे, उद्या या.' पुष्कळदा साइट चालू असते, अडतं ते ब्राउझरपाशी, म्हणजे साइट उघडणाऱ्या क्रोम-फायरफॉक्ससारख्या प्रोग्रॅमपाशी. आणि वावरातलं काम टाकून आलेल्या माणसाचा अख्खा दिवस जातो.

आधी घड्याळ पाहा. जुन्या कॉम्प्युटरच्या मदरबोर्डवरचा बटणासारखा सेल संपला असेल, तर लाइन गेल्यावर तारीख कित्येक वर्षं मागे जाते. मग साइटचं सुरक्षा प्रमाणपत्र ब्राउझरला खोटं वाटतं आणि लाल इशारा येतो. इशारा डावलून पुढे जाऊ नका. तारीख दुरुस्त करा, सेल बदला.

तारीख बरोबर असेल, तर हिस्टरी सरसकट पुसण्याआधी तीच साइट इन्कॉग्निटोमध्ये, म्हणजे ब्राउझरच्या खासगी खिडकीत उघडा. तिथे चाललीच, तर फक्त त्या साइटच्या कुकीज (साइटने ब्राउझरमध्ये साठवलेल्या छोट्या नोंदी) काढा, पुरेसं असतं. पावती निघत नसेल तर बहुधा पॉप-अप, म्हणजे साइट उघडते ती छोटी नवी खिडकी, ब्राउझरने अडवलेली असते.

विंडोज ७ वर क्रोम १०९ व्या आवृत्तीपाशीच थांबलं, फायरफॉक्स ११५ ईएसआर या दीर्घ मुदतीच्या आवृत्तीपाशी. नव्या साइट तिथे अर्धवट दिसणारच. इंटरनेट एक्स्प्लोरर तर १५ जून २०२२ पासून निवृत्त आहे. एखादी जुनी साइट अजूनही तोच मागत असेल, तर मायक्रोसॉफ्टच्याच एज ब्राउझरच्या सेटिंगमध्ये आयई (इंटरनेट एक्स्प्लोरर) मोड चालू करा. मायक्रोसॉफ्टने तो किमान २०२९ पर्यंत ठेवू असं म्हटलं आहे. पण ही तात्पुरती सोय आहे, तिच्या भरवशावर नवं काम उभारू नका.

सगळ्यांत महाग पडणारी चूक फॉन्टची. कृतिदेव या जुन्या देवनागरी फॉन्टमध्ये 'राम' टाइप केलं की पडद्यावर राम दिसतो, फाइलमध्ये मात्र जे, के, ई ही इंग्रजी अक्षरं साठतात. ती यादी ऑनलाइन फॉर्मात चिकटवली की कचरा उमटतो. फॉन्ट नसलेल्या कॉम्प्युटरवरही तेच. गावाचे ठराव, घरपट्टीच्या याद्या अशा एका फॉन्टच्या ताब्यात जाऊ देऊ नका. नवं सगळं युनिकोडमध्येच टाइप करा, म्हणजे मराठी अक्षर फाइलमध्येही मराठीच साठतं. जुन्या फाइल कन्व्हर्टरने बदलता येतात, पण नंतर ऱ्हस्व वेलांटी आणि रफार डोळ्यांनी तपासा. कृतिदेवमध्ये वेलांटी अक्षराआधी आणि रफार अक्षरानंतर टाइप होतो, युनिकोडमध्ये क्रम नेमका उलटा. म्हणून चुका तिथेच होतात. सातबाऱ्याशी नाव जुळलं नाही, तर हेलपाटे शेतकऱ्यालाच पडतात.

ग्रामपंचायत किंवा शेतकरी उत्पादक कंपनी स्वतःची साइट करून घेत असेल, तर ती क्रोमबरोबर फायरफॉक्समध्येही चालवून पाहा. एज, ब्रेव्ह, ऑपेरा हे आतून क्रोमचेच भाऊबंद, त्यांवरच्या चाचणीने फारसं नवं कळत नाही. डोमेन संस्थेच्याच नावावर घ्या. सभासदांची नोंद, मालाचा हिशेब सगळा सीएसव्हीत (कुठल्याही प्रोग्रॅममध्ये उघडणारी साधी तक्त्याची फाइल) बाहेर काढता आला पाहिजे, अशी अट करारात घाला आणि शेवटचा हप्ता देण्याआधी ती फाइल स्वतः काढून लिबरऑफिस या मोफत ऑफिस प्रोग्रॅममध्ये उघडून बघा.